चार पानांचा खुलासा

कुरुंदा,
६ जानेवारी २०२५

चि. आकांक्षास,
आत्याचा जयभीम आणि अ. उ. आ.

होस्टेलात तुला खिडकीची खोली मिळाली, बरं झालं. थोडं ऊन घेत जा. कायदा वाचून पिवळी पडलीस तर आमी हळदीच्या गावची पोरगी म्हणून खपवू, पण पाहुणे ऐकतील का?

एक तकलीफ आली आहे. ऑफिसनं माझा फोन जमा करून घेतला, म्हणून प्रेमसिंगच्या हाती चिठ्ठी देऊन राहिले. तो रोज भाजीचा टेम्पो नांदेडला नेतो. आणि फोनवर तू रडतेस, मग माझं सांगायचं राहून जातं.

अंगणवाडीत आहाराची पाकिटं द्यायची तर आता लेकराच्या आईचा चेहरा फोनला दाखवावा लागतो. कोमल ऊस तोडायला गेली. तिचं दोन वर्षांचं पोरगं सासूजवळ, देवलाबाईजवळ. फोन म्हणे, आई दाखवा. मी कोमलच्या नावावर देवलाबाईचा चेहरा नोंदवला. तीन महिने पाकिटं दिली, पोरगं अंगानं भरलं. आता खोटी नोंद केली म्हणून कारणे दाखवा नोटीस आली आहे. सात दिवसांत खुलासा मागितला आहे, नोटीस सोबत आहे.

आमच्या पर्यवेक्षिका म्हणाल्या, नजरचूक झाली असं लिहा. तुझा बाप रत्नपाल तीस वर्षं कचेरीत शिपाई. तो म्हणतो, दोनच ओळी लिही, आरोप मान्य न्हाईत, सुनावणी द्या. कागदावर कबूल केलेलं कागद विसरत न्हाई, असं त्याचं म्हणणं. मी त्याला म्हटलं, घरात वकील असताना शिपायाचं काहून ऐकू? सव्वीस वर्षं झाली, दोन राहिली. तेवढी इज्जतीनं जाऊ दे.

तुझी आत्या,
पद्मा


नांदेड,
८ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
सा. जयभीम वि. वि.

नोटीस चार वेळा वाचली. रात्री जेवण गेलं नाही, पण आता शांत आहे. खुलासा सोबत पाठवते. चार पानं झाली. तू फक्त सही कर.

त्यात मी सगळं लिहिलं आहे. चेहरा कोणाचा, कोणत्या तारखेला नोंदवला, किती वेळा पाकिटं दिली आणि का. बाबांना सांग की आरोप मान्य नाहीत असं मला लिहवत नाही. ते खोटं आहे. दुखण्यामुळे मला तिसरीपर्यंत शाळा नव्हती, तेव्हा तुझ्याच ओट्याजवळ बसून मी अक्षरं शिकले. तुझा नियम होता, ज्यानं काही केलं असेल त्यानं आधी पाटीवर तसं लिहायचं, मग खिचडी. मी एकदा 'गूळ खाल्ला' असं लिहिलं आणि तू मला सगळ्यांच्या आधी वाढलंस. खुलासा लिहिताना ती पाटीच डोळ्यांपुढे होती.

माझ्या प्रबंधाचा विषयही हाच आहे. सरकारनं कोणाच्या विरुद्ध निर्णय घेण्याआधी त्याचं ऐकून घ्यायचं, हा. नव्या निकालांचा गठ्ठा अर्धा वाचून झाला आहे. शेवटच्या ओळीत मी सुनावणी मागितली आहे. तू समोर उभी राहिलीस की त्यांना कळेल. काळजी करू नको. मी दोघींची करते आहे.

लोभ आहेच, तो वाढव.
तुझी आकांक्षा


कुरुंदा,
२० फेब्रुवारी २०२५

चि. आकांक्षास,
अ. उ. आ.

मला काढलं. सुनावणीला बोलावलंच न्हाई. सोमवारी एक पान आलं, नक्कल सोबत आहे. त्यात लिहिलं आहे, सेविकेने कृत्य लेखी कबूल केले असल्याने सेवा समाप्त.

चाव्या मदतनीस शकुबाईकडे दिल्या. ती रडली, आणि रडता रडता म्हणाली की बाई, फोनला सासू-सून एकच दिसली, साहेबाला मात्र बराबर दोन दिसल्या. मलाही हसू आलं. दहा वाजता लेकरं अजून आमच्याच दारात येतात. तुझा आतोबा शेषराव त्यांना हाकलतो, मग स्वतःच आत येऊन तोंड फिरवून बसतो.

रत्नपालनं ते पान वाचलं आणि घडी करून परत माझ्या हातात दिलं. बोलला असता तर बरं झालं असतं.

आत्या


नांदेड,
२३ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
सा. जयभीम वि. वि.

रागावू नकोस, पण आदेश वाचून मी खोलीत टाळी वाजवली. त्यांनी तुझं ऐकलंच नाही! हीच त्यांची चूक आहे. न ऐकता दिलेला आदेश टिकत नाही, हे पहिल्या वर्षाची मुलंही सांगतात. आपण हायकोर्टात जाऊ. माझ्या सरांचे मित्र फी न घेता उभे राहणार आहेत. दिवाळीपर्यंत तू परत खुर्चीत असशील. लेकरांना सांग, बाई सुट्टीवर आहेत.

बाबांनाही सांग, शिपाई हरला.

तुझीच,
आकांक्षा


नांदेड,
१४ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास,
सा. जयभीम वि. वि.

काल निकाल लागला. आपण हरलो.

कोर्टानं मान्य केलं की सुनावणी द्यायला हवी होती. पण पुढे म्हटलं की नुसतं ऐकलं नाही एवढं पुरत नाही, न ऐकल्यानं काय बिघडलं ते दाखवा. बाईंनी तारखेवार सगळं स्वतःच लिहून दिलं आहे, मग समोर बोलावून वेगळं काय निघालं असतं? सरकारी वकिलांनी आपली चारही पानं मोठ्यानं वाचली. न्यायमूर्ती म्हणाले, इतका स्वच्छ खुलासा त्यांनी फार क्वचित पाहिला. मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. लिहिणारी मी तिथेच बसले होते.

आता पाटीवर लिहायचं ते लिहिते. कोर्टानं ज्या आधीच्या निकालांचा आधार घेतला, ते मला नवीन नव्हते. जानेवारीत तुझी चिठ्ठी आली, त्याच्या आदल्या दिवशीच मी ते वाचले होते. कबुली दिली असेल तर सुनावणी नाकारली तरी चालतं, या वाक्याखाली लाल रेघ मारली होती. तरी चार पानं लिहिली. मला वाटलं, इतकं खरं लिहिलेलं वाचल्यावर कोणी असं करणार नाही. बाबांच्या दोन ओळी पाठवल्या असत्या, तर त्यांना तुला बोलवावंच लागलं असतं.

आणखी एक. सर म्हणतात, हा निकाल माझ्या प्रबंधात हवाच, त्यावर एक प्रकरण होईल. तुला विचारल्याशिवाय घेणार नाही. नाव लपवता येईल. तू नाही म्हणालीस तर विषय सोडते.

मला शिव्या दे, पण पत्र लिही.

तुझी आकांक्षा


कुरुंदा,
१ डिसेंबर २०२५

आदरणीय आकांक्षाताई रत्नपाल पाईकराव यांस,
सविनय जयभीम.

आपलं पत्र मिळालं. प्रबंधात घ्यायला माझी हरकत न्हाई. नाव लपवू नका, पूर्ण लिहा. गावात सगळ्यांना माहीत आहे, तुमच्या कॉलेजालाही होऊ द्या.

तुमी माझ्याकडे अक्षरं शिकलात, तेव्हा एक सांगायचं राहून गेलं. पाटी मी लगेच पुसत होते. खिचडी वाढायच्या आधी. ते तुमच्या ध्यानात न्हाई, कारण तुमचं लक्ष ताटाकडं असायचं.

इकडची खबर अशी. माझी जागा निघाली आहे. कोमल यंदा उसाला गेली न्हाई. ती बारावी पास आहे, तिनं अर्ज भरला. परवा अर्ज तपासून घ्यायला ती माझ्याकडेच आली, पोरगं कडेवर घेऊन. पोरगं चांगलं वजनदार झालं आहे. अर्जात तिनं लिहिलं होतं की आधीच्या सेविकेनं माझ्या माघारी माझ्या नावावर दुसऱ्याचा चेहरा नोंदवून दोन महिने आहार उचलला, सबब ही जागा मला द्यावी. हे तिला ऑफिसातल्या कोणीतरी सुचवलं असावं. वाचून दाखवताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

बाकी अर्ज बराबर होता. दोन महिने तेवढं चुकलं होतं. मी ते खोडून तीन केलं.

कळावे. लोभ असावा असं शेवटी लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं.

पद्माबाई शेषराव खिल्लारे