पाठमोरे बाबा

बैरूत, ६ मार्च १९९२

चि. नजला हीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

आम्ही ठीक. लढाई थांबली, पण सरकारी वीज अजून पाहुण्यासारखी येते, त्यामुळे माझ्या जनरेटरचं बरं चाललंय. ज्या शेजारणी आवाजावरून माझा उद्धार करायच्या, त्याच आता जिन्यात अडवून लाडाने विचारतात की नाएफभाऊ, आमच्याकडे तार कधी ओढताय.

पत्राचं कारण आई. परवा जेवताना तिने मसुराच्या सूपमधला चमचा खाली ठेवला आणि म्हणाली की बाबांचा चेहरा आठवेनासा झालाय. हात आठवतात, खोकला आठवतो, चेहऱ्याच्या जागी नुसतं धुकं. वर गेल्यावर एवढ्या गर्दीत त्यांना ओळखू कशी, म्हणाली. मी थट्टेवारी नेलं, की बाबाच हाक मारतील, जन्मभर ओरडून पाव विकलेत त्यांनी. ती हसली नाही.

ज्या हिवाळ्यात बाबा गेले त्याच हिवाळ्यात आपलं घर जळलं. फोटो म्हणून एक उरला नाही, हे तुला माहीतच आहे.

मग मला कार्निग आठवला. बुर्ज चौकात चालत्या माणसांचे फोटो काढायचा, तो. आता तिथल्या उरल्यासुरल्या भिंतीही पाडताहेत. कार्निग वारला, त्याची बायको अराक्सी नदीपलीकडे राहते. न विकलेले फोटो तिने पत्र्याच्या डब्यांत जपलेत. कॉफीवर कॉफी पाजत तिने मला सगळे दाखवले. ट्राम, टोप्या, सिनेमाचे फलक, हातात हात घालून निघालेल्या मैत्रिणी. सगळा चौक जागच्या जागी. आणि मागे तिळाच्या पावांची लाकडी चौकट खांद्यावर घेतलेले आपले बाबा, प्रत्येक फोटोत पाठमोरे. एकात नाही, दोनात नाही, सगळ्यांत. हे काय गौडबंगाल?

अर्धं बैरूत तुमच्या साओ पाउलोत कापड विकतंय. त्यांच्या कपाटांत कार्निगचे फोटो असणारच. विचार. मात्र पाठमोरे नकोत, ते इथे ढिगाने आहेत.

तौफीकरावांना नमस्कार. लोभ टपालखर्चाला भिऊन आटू देऊ नकोस.

तुझा,
नाएफ

*

साओ पाउलो, २ एप्रिल १९९२

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी रडले, मग घरोघर हिंडले. तौफीक म्हणतात की मुलीसाठी स्थळ शोधायलाही कुणी इतके उंबरे झिजवत नाही. दादा, प्रत्येकीकडे बुर्जमधला फोटो आहे, आणि प्रत्येकीला मागचं दुकान कुठलं यावर नवऱ्याशी भांडायचंय.

बाबा मिळाले, पण पाठमोरेच. गौडबंगाल मात्र सुटलं. इथे मादाम ओदेत आहेत, कॉलेजला जाताना बाबांकडून पाव घ्यायच्या. त्या सांगतात, कार्निगचा नियम होता: ज्याने कॅमेऱ्याकडे पाहिलं त्याच्या हातात चिठ्ठी. चिठ्ठी घेतली की दुसऱ्या दिवशी पैसे मोजून स्टुडिओतून फोटो सोडवायचाच. नाही म्हणणारा चौकात कंजूष ठरायचा. म्हणून कॅमेरा वर झाला रे झाला की बाबा गर्रकन वळायचे. ओदेतबाईंनी एकदा चिडवलं, की अबू नाएफ, एक फोटो काढलात तर काय तीळ संपतील? त्यावर बाबा म्हणाले होते, माझा चेहरा माझी बायको रोज फुकट बघते, मी कशाला विकत घेऊ.

हे आईला सांगू की नको, ते तूच ठरव.

पाठमोरे नकोत म्हणालास तरी ओदेतबाईंचा फोटो पाठवतेय. पांढरे हातमोजे घालून चालणाऱ्या त्याच. द्यायला तयार नव्हत्या. आईचं बोलणं सांगितलं, तेव्हा स्वतःच चौकटीतून काढून दिला. जपून वापर, आणि आईच्या गालावरून माझ्या वतीने हात फिरव.

तुझी,
नजला

*

बैरूत, २८ एप्रिल १९९२

चि. नजला हीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोटो पोचला. पहिले दोन दिवस मी पण पाठच बघत बसलो, गाढवासारखा. तिसऱ्या दिवशी डोक्यात आलं, की पाठ कार्निगकडे तर तोंड कुणाकडे? चौकातल्या घड्याळजीच्या दुकानाकडे. आणि त्याच्या दर्शनी काचेइतकी लख्ख काच साऱ्या चौकात नव्हती. आमच्या घराखालच्या घड्याळवाल्याचं डोळ्याला लावायचं भिंग आणलं. ओदेतबाईंच्या हातमोज्याशेजारी, काचेत, घड्याळांच्या मधोमध बाबा. सगळा चेहरा, नजला. चिठ्ठी चुकवली म्हणून गालात हसताहेत.

तेवढा चेहरा मोठा करून आणला आणि आईसमोर ठेवला. तिने पाहिला, बाजूला सारला, पुन्हा ओढला. मग म्हणाली, हा तर पोरगा आहे. मी म्हणालो, बाबाच आहेत, तीस वर्षांपूर्वीचे. ती म्हणाली, ते कळतंय रे मला. इतकी वर्षं मी त्यांना माझ्याबरोबर म्हातारं करत आले. शोधत होते पांढऱ्या मिशांचा माणूस, तो सापडणार कुठून.

मग मी तिला ते फुकट चेहऱ्याचं सांगितलं. ती म्हणाली, फुकट कसला, रोज पहाटे उठून भट्टीवर पाठवत होते मी.

फोटो जेवणाच्या टेबलासमोर लावलाय. आता ती रोज सकाळी केस विंचरून, कॉफी घेऊन त्याच्यासमोर बसते. काल मी विचारलं, की एवढं काय बघतेस रोज. म्हणाली, मी कुठे बघतेय, त्यांना बघू देतेय. मी ओळखेन रे आता, पण त्या पोराला या म्हातारीची सवय नको का व्हायला?

ओदेतबाईंचा फोटो परत पाठवतोय. त्यांना म्हणावं, उम्म नाएफने, आपल्या आईने, त्यांच्या हातमोज्यांचाही मुका घेतलाय. आमच्यावर माया आहे तशीच असू दे.

तुझा,
नाएफ