सटवाईचा शेंदूर

॥ श्री ॥
उंद्री, ता. ९ जानेवारी १९६४

ती. सौ. मंजुळाबाईस जनकाचा सा. न. वि. वि.

मी तुह्याकडून सुखरूप पोचली. यष्टीत शेजारच्या बाईनं नाव इचारलं तं माह्या तोंडातून आवाजच निघाला नाही. तू हासशीन. चौथीतून घरी बसली, तवा अक्षर सांभाळून घे.

भाऊजीनं विद्यापीठाचा अजबखाना दाखवला, तिकीट कोणालेच नाही, हे गावात कोणाले खरं वाटत नाही. रंगरावकाका म्हणे, फुकट हाय तं पाहण्यासारखं काही नसनच. मी काचेतली हस्तिदंताची बाहुली, हात तुटलेले देव, राजाराणीचे चितरं सगळं सांगतलं. अन् बोलता बोलता आपली सटवाई तोंडून निघाली.

आपल्या बांधावरून विद्यापीठवाल्याईनं नेली, तीच. शेंदूर सारा खरवडून काढला, काळीभोर केली. आतमंधी मांडीवर लेकरू होतं व! आजवर कोणाले माहीत नव्हतं. मले तं लय सुंदर वाटली. कोणी हात लावू नये म्हणून भाऊजीच बाजूले पहाऱ्यावर उभे.

आईनं ऐकलं अन् ताट सारलं. म्हणते, देवी उघडी ठेवली म्हणूनच मंजुळीचे दोन्ही लेकरं गेले. आता तुहे दिवस भरत आले, तं तुळशीरामकाकाच्या हाती तेल-शेंदूर धाडून राह्यली. पाचवीले देवीले लावाच म्हणते. भाऊजीची नोकरी जाईन म्हटलं, तं ऐकत नाही. तू भाऊजीले इचारल्याबिगर काही करू नको.

माया हाय तशीच ठेवजो.
तुही जनका


ता. ३ फेब्रुवारी १९६४

चि. जनकास आशीर्वाद.

वर श्री नाही, तवा तू समजलीच असशीन. हे आईले वाचून दाखवू नको.

पोरगी झाली होती. पाचवीच्या सकाळी दूध ओढेना. मी याईले आईनं धाडलेली शेंदराची पुडी दाखवली. म्हणे, जे राखायचा पगार घेतो त्यालेच हात कसा लावू. मग पोरीकडं पाहत बसले. दुपारी पुडी उचलून गेले अन् देवीले शेंदूर लावला. तेल दगडात मुरलं. साहेबानं इचारलं, तं मीच लावला म्हणे. तिथंच नोकरी गेली. अन् दुसऱ्या दिवशी पोरगी गेली.

आईले सांग, शेंदूर लावलाच नाही. लावूनबी पोरगी गेली हे कळलं, तं आई कोणाच्या भरवशावर जगन? असं हेच म्हणतात. खोली सोडा लागते. याईले मागं कोणी नाही, तवा आम्ही उंद्रीलेच येतो.

जिवाले जप, आईले जप.
तुही मंजुळाबाई


उंद्री, ता. १० फेब्रुवारी १९६४

ती. सौ. मंजुळाबाईस जनकाचा नमस्कार.

तू म्हणली तसंच आईले सांगतलं. आवाज कापला नाही, माहं मलेच नवल वाटलं. आई भिताडाले टेकली. मग म्हणे, तरी म्हटलं, माही देवी असं करणार नाही. उठली अन् किती दिसानं भाकर खाल्ली.

पण भाऊजीले लय बोलली. नोकरीपायी लेकरू घालवलं म्हणते. मंजुळी आली तं येऊ दे, त्या माणसानं माह्या उंबऱ्यात पाय ठेवायचा नाही. सारं माह्या व्हटावर आलं होतं, गिळलं.

तुम्ही या. दारात पाय धुवाले आई पाणी ठेवणार नाही. मी कळशी घेऊन फाट्यावर येईन, अन् भाऊजीच्या पायावर तिथंच पाणी टाकीन. मंग लोकं पाहो, की आई बोलो.

वाट पाहते.
तुही जनका