आग बंद होती तो सोमवार

उरण,
माघ, १९८४

गोटीराम भावोजी,

हे घर विकून वाशीला खोली घेतलीत, तरच सुमनचे वडील तुमच्या-तिच्या लग्नाला होकार देणार. म्हणून दर खेपेला विचारता, गिऱ्हाईक मिळालं का.

समुद्रातला गॅस इथे किनाऱ्याला आल्यापासून आपल्या आळीत कोणी घर घेत नाही. कारखान्याच्या उंच नळावरची ती आग रात्रंदिवस घरघरते. मागे घर बघायला आलेल्या एकाने विचारलं, "हा आवाज कसला?" मी म्हटलं, "कुठला आवाज?" खरंच, मला तो ऐकू येईनासा झाला होता. त्याला वाटलं, मी फसवते.

गेल्या सोमवारी दुरुस्तीसाठी आग बंद होती. नेमका तेव्हाच दलाल एक जोडपं घेऊन आला. बाईला सातवा महिना. अंगणात उभी राहून म्हणाली, "किती शांत आहे हो इथे." नवरा तर इसार द्यायलाच निघाला.

पोटुशी बाई पहिल्यांदा दारात आलेली, तिला रिकामी कशी पाठवू? तांदूळ-नारळाने ओटी भरली. ती माझ्या पाया पडायला वाकली, आणि मला राहवलं नाही.

"बाय, उद्या ती आग परत पेटंल. खिडक्या थरथरतात. तुझं पोर झोपायचं नाय."

ओटी पोटाशी धरून ती निघून गेली.

तुमच्या दादांना सांगितलं, त्या जोडप्याला घर आवडलं नाही. तुम्हालाही तेच कळवीन. हे पत्र माझ्या पेटीतच राहील.

मंगळवारी आग पेटली. तेव्हापासून मला तो आवाज ऐकू येतो.

तुमची वहिनी,
शेवंता