दहाव्या फेरीपर्यंत

४ जून, रेसिफे

जमलं! बाटलीला बाहेरून चुंबक लावलं आणि दुधातली काळी भुकटी सरकत सरकत कडेला येऊन चिकटली. मागे दूध पांढरंशुभ्र. लोखंडाचे डोळ्यांना न दिसणारे कण, त्यांवर कोळंबीच्या सालींपासून केलेला लेप, आणि लेपाला धरून बसलेलं एन्झाइम — दुधातली साखर फोडणारं. आईला दूध बाधतं ते याच साखरेनं. एन्झाइम महाग, एकदा दुधात सोडलं की गेलं. हे मात्र बाहेर काढा, धुवा, पुन्हा वापरा.

माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "तीच भुकटी दहाव्या फेरीला ऐंशी टक्के काम करताना दाखव. तीस तारखेपर्यंत. त्यानंतर मुदतवाढ नाही, एदिलेउझा."

सेहेचाळीसाव्या वर्षी पीएचडी करतेय मी. रोज एक फेरी.

७ जून

चौथी फेरी. सत्त्याण्णव टक्के. पुन्हा मोजलं. सत्त्याण्णवच.

फेरी झाली की भुकटी धुवायचं काम झुलैदेमावशींचं. तीस वर्षं याच प्रयोगशाळेत आहेत. "तू आकडे बघ," म्हणतात, "धुणं माझ्याकडे."

१० जून

सातवी. शहाण्णव! बसमध्ये उगाच हसत बसले, शेजारची बाई सरकून बसली.

आईला सांगितलं.

"म्हणजे सां जुआंवच्या सणाला मी मक्याची खीर खाणार? दूध घालून?"

"आई, प्रयोगशाळेतलं दूध प्यायचं नसतं."

"मग सहा वर्षं काय घुसळत होतीस?"

१३ जून

दहावी. पंच्याण्णव!!

सरांनी मक्याचा केक आणला. कुणीतरी अकॉर्डियनचं गाणं लावलं आणि मावशींनी माझ्या कमरेत हात घालून मला व्हरांडाभर नाचवलं. दोघींची चप्पल तुटली — त्यांची डावी, माझी उजवी. घरी अनवाणी आले. आई म्हणाली, "शिकून वेडी झाली." मग स्वतःच टाळ्या वाजवायला लागली.

१४ जून

मावशींना सहज म्हटलं, दहा वेळा धुऊनही भुकटी इतकी कशी उरली? हाताला गुण आहे तुमच्या.

"उरते कसली! धुताना वाहून जायचीच थोडी. मग मी रोज कपाटातल्या बरणीतली ताजी भुकटी चिमूटभर घालायचे. पाहुणे वाढले की घेवड्याच्या आमटीत पाणी घालतो, तसं. तुला कमी पडायला नको, बाळा."

सरांना खरं काय ते सांगून आले, सगळे आकडे बाद. सोळा दिवस आहेत. आज पुन्हा पहिली फेरी. बरणीच्या कपाटाला कुलूप लावलं, आणि किल्ली मावशींच्याच गळ्यात घातली.