सोफा तेवढा कुलदीपला

मी, जयवंताबाई किसनराव मेहरे, वय सदुसष्ट, धंदा फुलांचं दुकान, राहणार जुने शहर, अकोला, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या घरात बसून, कोणीही पाठीशी उभं नसताना लिहीत आहे. माझं मन ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हृदय मात्र ठिकाणावर नाही, म्हणून सोमवारी नागपूरला माझं ऑपरेशन आहे. त्यातून उठले तर हा कागद कपाटात राहील, नाही उठले तर लागू होईल. वकीलबाईंनी मसुदा वाचून भाषा जरा सौम्य करा असं सुचवलं. त्यांच्या शब्दाला मान देऊन मी दोन शिव्या काढल्या आहेत. बाकी आहे तसं आहे.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. मुलगा कुलदीप, मुलगी प्रणाली, एक घर, एक दुकान. माझ्यामागे अर्धं अर्धं होईल, असं धरून चालले होते. ते आता होऊ द्यायचं नाही.

कलम १. राहतं घर आणि त्याला लागून असलेलं दुकान, दोन्ही माझ्या नावावर आहेत. दोन्ही आम्ही नवराबायकोने हार ओवून उभी केली. त्यात वडिलोपार्जित एक वीट नाही. कुलदीपचा वकील तसं म्हणालाच, तर त्याला खरेदीखत दाखवावं आणि पाणी न विचारता रवाना करावं.

कलम २. हा कागद वाचणाऱ्या परक्या माणसासाठी प्रकरण काय ते सांगते. प्रणाली खारपाणपट्ट्यातल्या एका गावात शाळेवर शिकवते. तिथलं पाणी इतकं खारं की त्यात डाळ शिजत नाही आणि मोठ्या माणसांच्या किडन्या टिकत नाहीत. आमच्या भागातल्या पुढाऱ्याने, ज्यांना सगळे साहेब म्हणतात, त्या गावात नळयोजनेचं उद्घाटन केलं आणि त्याचा व्हिडिओ फेसबुकवर टाकला. त्यात साहेब नळाजवळ उभे राहून बाटलीतलं पाणी पीत होते. प्रणालीने खाली लिहिलं, "साहेब, बाटली बाजूले ठेवा आन् याच नळाचं एक गिलास पिऊन दाखवा." शब्दाला शब्द एवढंच. दुसऱ्या दिवशी गावातल्या बाया एकेक गिलास भरून घेऊन साहेबांच्या कचेरीसमोर जाऊन उभ्या राहिल्या, त्यांच्यात ती होती. चार दिवसांनी तिला माझ्या या घरून उचललं. सरकारी कामात अडथळा, समाजात तेढ आणि चिथावणी. तेव्हापासून ती तुरुंगात आहे. खालच्या कोर्टात जामीन दोनदा फेटाळला गेला. वरच्या कोर्टात अर्ज लागला आहे, आणि त्याचा निकाल येईल तेव्हा मी असेन की नाही, हे मला माहीत नाही. या कागदाचं खरं कारण तेवढंच.

कलम ३. माझा मुलगा कुलदीप याला घर, दुकान, दागिने, बँकेतली शिल्लक यांतलं काहीही मिळणार नाही. आईला विसर पडला, आई आजारी होती, असं त्याने कोर्टात म्हणू नये, म्हणून त्याचं नाव पूर्ण लिहिते: कुलदीप किसनराव मेहरे. विसरलेले नाही. साहेबांच्या सभांचे मंडप तो टाकतो. बहीण आत गेल्याच्या तिसऱ्या दिवशी माझ्याच बैठकीत, माझ्याच सोफ्यावर बसून त्याने मोबाईलवर व्हिडिओ केला की, माझा त्या मुलीशी काही संबंध नाही, तिने आमच्या घराण्याचं नाव घालवलं. मी आत वाती वळत होते. मला वाटलं, कोणाशी फोनवर बोलतो आहे. तो व्हिडिओ सगळ्या अकोल्याने पाहिला, मग मी पाहिला.

पुढे त्यानेच तोडगा आणला. साहेबांच्या वाढदिवसाला स्टेजवर मी त्यांना आपल्या दुकानातला हार घालायचा, लेकीच्या वतीने कॅमेऱ्यासमोर माफी मागायची, मग प्रकरण ढिलं पडेल. मी प्रणालीला तुरुंगातल्या मुलाखतीत विचारलं. जाळीपलीकडून ती म्हणाली, "आई, बेलारूस म्हणून एक देश आहे. तिथं कमेंट लिवली म्हणून लोकायले आत टाकतात, आन् मंग कॅमेऱ्यासमोर बसवून माफी मांगाले लावतात. मी वाचलं होतं ते. तवा वाटलं, कुठचा कुठं देश. तू मायासाठी स्टेजवर चढशीन, तं मी बाहेर येऊन तुया घरात पाय नाई ठेवणार."

मी चढले नाही. आईने लेकीचा तुरुंग वाढवला, असं कुलदीप सगळीकडे सांगत फिरतो. तर, ज्यावर बसून त्याने बहीण तोडली तो सोफा, गादी आणि दोन्ही उशांसकट, मी त्याला देते. माझ्या तेराव्याच्या आत उचलून न्यावा. भाडं त्याने भरावं. मंडपाचा टेम्पो त्याच्याकडे आहेच.

कलम ४. दुकान प्रणाली आणि शकुन यांना मिळून देते. शकुन ही स्वतःच्या लग्नाआधीपासून आमच्याकडे हार ओवते. पोलीस आले त्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या दुकानांची शटरं पडली. शकुन एकटी पायरीवर बसून शेवंती ओवत राहिली. नंतर प्रत्येक मुलाखतीला ती माझ्यासोबत आली. एकदा रांगेत कोणीतरी तिला विचारलं, तुले भेव नाई लागत काय? तर म्हणाली, "मायं काय जाईन? घर तं नाई मले."

म्हणून राहतं घर मी एकट्या शकुनला, तिच्या पूर्ण मालकीने देते. लोक म्हणतील, म्हातारी नोकराणीला घर देऊन गेली. म्हणोत. जामीन मंजूर झाला की जामीनदार लागतो, आणि त्याच्या नावावर घर लागतं. मी असेन तर मी उभी राहीन. माझ्यामागे कोण? आमच्या सगळ्या गोतात घरं आहेत, माड्या आहेत, आणि एकही माणूस उभा राहायला तयार नाही. प्रत्येकाला विचारून झालं. कोणाचं रेशन दुकान, कोणाच्या पोराची नोकरी, कोणाचा बीपी. शकुनकडे हिंमत आहे, घर नाही. त्यातलं जे माझ्या हातात आहे ते मी देते. निकाल आला की तिने घरटॅक्सची पावती घेऊन त्याच दिवशी कोर्टात जावं. प्रणाली सुटल्यावर दोघींनी त्या घरात कसं राहायचं ते दोघी बघतील. भांडतील, मला माहीत आहे. दोघी तोंडाने फटकळ आहेत.

कलम ५. माझी नणंद मैनाबाई हिने संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मला दारातूनच, "वयनी, सद्या नका येऊ, आमच्या जावयाले तरास होईन," असं सांगितलं. आमच्या पाण्याच्या मोठ्या पितळी गुंडावर तिचा डोळा सासूबाईंच्या वेळेपासून आहे. तो गुंड प्रणालीच्या शाळेत द्यावा. टँकर येईल त्या दिवशी पोरांसाठी गोडं पाणी भरून ठेवायच्या कामी येईल. मैनाबाईने त्याबद्दल विचारलं तर शाळेचा पत्ता द्यावा. तहान लागली तर तिथे जाऊन प्यावं.

कलम ६. साहेबांबद्दल. त्यांचं नाव लिहून मी हा कागद बाटवणार नाही. ते नगरसेवक झाले तेव्हाचा पहिला हार माझ्या नवऱ्याने, किसनरावांनी, स्वतः ओवला होता. पुढे मोठे झाले तसे हार वाढत गेले. शेवटचा तर क्रेनने उचलावा लागला. तो ओवताना माझ्या, प्रणालीच्या आणि शकुनच्या बोटांची सालं निघाली. यापुढे आमच्या दुकानातून त्यांना, त्यांच्या पक्षाच्या कार्यक्रमाला, त्यांच्या घरच्या लग्नाला एक पाकळीही जाणार नाही. दुकान विकलं तरी ही अट विकत घेणाऱ्यावर राहील. कायद्यात असं बसत नाही, असं वकीलबाई म्हणाल्या. बसो न बसो, लिहून ठेवते. त्यांच्या तिरडीलाही नाही. तिरडीला फूल मागितलं तर वैऱ्यालाही नाही म्हणू नये, असं किसनराव म्हणत. किसनराव भला माणूस होता. मी नाही.

कलम ७. मला अग्नी प्रणालीने द्यावा. तिला आणायची परवानगी मिळाली नाही तर शकुनने द्यावा. कुलदीपने यावं, मागच्या रांगेत उभं राहावं आणि व्हिडिओ काढू नये.

कलम ८. साक्षीदारांबद्दल. जामीन दोनदा फेटाळला गेला तो कमेंटमुळे नाही. कमेंटीत काही दम नव्हता, हे सरकारी वकिलांनाही कळत होतं. फेटाळला गेला तो पत्रकांमुळे. प्रणालीच्या पलंगाखाली दंगल करा अशा मजकुराची पत्रकं सापडली, असं झडतीच्या पंचनाम्यात लिहिलं आहे. झडती झाली तेव्हा मी त्या खोलीत उभी होते. फोन नेला, चार्जर नेला. पलंगाखाली माझ्या चपला आणि कांद्याची टोपली होती. पण आईचं कोण ऐकतं? पंचनाम्यावर दोन पंचांच्या सह्या आहेत. एक समोरचे सूर्यभान गावंडे, दुसरे डावीकडच्या घरातले खुशालराव ताथोड. दोघेही खोलीत आले नव्हते. मी दोघांच्या दारात गेले. सूर्यभान म्हणाले, "पोलीससाहेबायनं कागद समोर केला, आमी सही केली. वाचत कोन बसते, वयनी?" खुशालरावांनी दार लावून घेतलं.

आता मृत्युपत्रालाही दोन साक्षीदार लागतात. त्यांनी माझी सही पाहिली पाहिजे, मजकूर वाचलाच पाहिजे अशी सक्ती नाही. वकीलबाईंनी हे सांगितलं तेव्हा कितीतरी महिन्यांनी मी हसले. आज संध्याकाळी मी या दोघांनाच बोलावलं आहे, घराचा कागद आहे म्हणून. त्यांच्यासमोर सही करून कागद त्यांच्यापुढे ठेवीन आणि चहा करायला आत जाईन. चहा सावकाश करीन. साक्षीच्या मजकुरात मी खरं काय ते त्यांच्या नावाने लिहून ठेवलं आहे. न वाचता सही केली, तर मी जगो की मरो, वकीलबाई या कागदाची नक्कल वरच्या कोर्टात मांडतील आणि विचारतील की हे पंच आणखी काय काय न वाचता सही करतात. वाचून सही न करता उठले, तर दुसरे साक्षीदार मिळतील, आणि या दोन्ही घरांत लग्न असो की मयत, आमच्या दुकानातून फूल जाणार नाही. काहीही झालं तरी माझंच समाधान आहे.

हे सर्व मी राजीखुशीने, कोणाच्या दाबाखाली न येता आणि पुरेशा रागाने लिहिलं आहे. ते माझ्यामागे पाळलं जावं.

ठिकाण: अकोला
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

(सही) जयवंताबाई किसनराव मेहरे

साक्ष: जयवंताबाईंनी आम्हा दोघांच्या समोर वरील सही केली, आणि आम्ही त्यांच्या समोर खाली सह्या केल्या. तसेच आम्ही लिहून देतो की, प्रणाली मेहरे हिच्या खोलीची झडती झाली तेव्हा आम्ही त्या खोलीत गेलो नव्हतो. कोणतीही पत्रकं आम्ही पाहिली नाहीत. रस्त्यावर उभ्या उभ्या, आधीच लिहिलेल्या कागदावर आम्ही सह्या केल्या.

साक्षीदार १: (सही) सूर्यभान तुळशीराम गावंडे

साक्षीदार २: (सही) खुशालराव महादेव ताथोड

मी सगळं वाचून सही केली आहे. दोनदा वाचलं. पत्रकं नव्हती. कोर्टात कोणत्या दिवशी येऊ ते सांगा. — खु. म. ता.