सारख्या जाळ्या

सातपूर, गुरुवार, १४ मे १९९८

चूक माझीच. शेडमधल्या थंड हवेच्या डक्टला मी सगळ्या जाळ्या एकाच मापाच्या लावल्या. युनियनच्या गेटसभेत समान वाट्याची गर्जना मीच करतो ना! पण हवा पहिल्या ओळीवरच संपायची आणि टोकाच्या प्रेसवर युसूफभाई घामाने निथळायचे.

आज शिडीवर चढून पहिल्या ओळीच्या जाळ्यांमागच्या झडपा निम्म्या मिटल्या. टोकाच्या जाळीला बांधलेला दोरा हलला, एकदाचा! तेवढ्यात पहिल्या ओळीतला दत्तू, माझा वीस वर्षांचा सोबती, खालून ओरडला, "ओ नेते, टाळ्या आम्ही वाजवायच्या अन् हवा टोकाला व्हय?" सगळे हसले. मी शिडी उतरलो आणि पान्हा पेटीत टाकला.

जेवणाच्या सुट्टीत त्याने हाक मारली नाही. मी डबा एकट्याने उघडला, तसाच घरी परत आणला. उद्या झडपा उघडल्या तर दत्तू बोलेल? नक्की बोलेल. पण मी उघडणार नाही.