पॉइंटापुढचे तीन आकडे

४ जुलै १९८८, बोईसर
आलो एकदाचा! नोकरी लागली, तीही कॉम्प्युटरवर. खोली मंगलाताईंकडे. पहिल्याच दिवशी त्यांनी बोंबील वाढले आणि कमलाकांत, किती रे हडकुळा तू, म्हणून दमही भरला. कारखाना केमिकलचा. तिथलं मशीन १९७० सालापासूनचे सेकंद मोजत बसतं, पॉइंटापुढे तीन आकड्यांपर्यंत. त्या लांबलचक आकड्याची माणसाला वाचता येईल अशी तारीख-वेळ करायची, एवढंच माझं काम. डाव्या हातचा मळ!

७ जुलै
पहिलं काम मिळालं. गेल्या महिन्यातल्या गॅसच्या अपघाताची नोंद छापायची. तीन माणसं गेली, त्यांत कंट्रोल पॅनेलवर काम करणारा चिंधू. आमचे साहेब खंडेराव म्हणाले, पॉइंटापुढचं शेपूट छाटून टाका, चौकशीला सेकंद पुरे. छाटलं. कागद काय देखणा दिसला!

१२ जुलै
चौकशी आटोपली. पॅनेलवर बटण एकच: दाबलं की गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो, पुन्हा दाबलं की बंद. माझ्या कागदावर ११:४२:०७ ला बटण, त्याखाली ११:४२:०७ लाच व्हॉल्व्ह. म्हणजे चिंधूनंच उघडला, असा निकाल. त्याची बायको लाडकी मासवणहून फाटकाशी आली होती. तुझ्या नवऱ्यानं माणसं मारली म्हणून गाव तिला विहिरीवर येऊ देत नाही. मला म्हणाली, "गॅस आदी सुटला. तो उगाच हात लावनारा नाय. तुमचा कागद खोटा हाय."

१३ जुलै
मशीनची मूळ टेप पाहिली. व्हॉल्व्ह ११:४२:०७.२१८. बटण .८७१. व्हॉल्व्ह आपणहून उघडला, चिंधू तो बंद करायला धावला. मी शेपूट छाटलं, दोन्ही वेळा सारख्या झाल्या आणि मशीननं नावांच्या क्रमानं लावल्या. ब आधी, व नंतर. देवा, काय करून बसलो मी!

१४ जुलै
खंडेरावांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, टेप पुसा, तुमची नोकरी अजून कच्ची आहे. पुसली. मीच पुसली. लिहितानाही लाज वाटते.

१८ जुलै
प्रिंटर बंद होता, वायर काढलेली. तरी एक ओळ छापून आली: ११:४२:०७.८७१. खंडेरावांना दाखवायला नेला तर कागद कोरा.

२० जुलै, ११:४२:०७.२१८
वरची वेळ मी लिहिलेली नाही. अक्षर मात्र माझंच. मंगलाताई विचारतात, जेवत का नाहीस. काय सांगू—

२१ जुलै, ११:४२:०७.४०३
आकडा वाढतोय. .८७१ झाल्यावर काय—

२२ जुलै, ११:४२:०७.६६०
लाडकी फाटकाशी उभी होती. मान खाली घालून निघून आलो. थू माझ्या जिनगानीवर—

२३ जुलै
ठरलं. सगळं कबूल करून लिहून देणार, लाडकीच्या हातात ठेवणार. त्याआधी चिंधू उभा असायचा ती जागा एकदा बघायची होती. वही घेऊन पॅनेलपाशी आलोय. ११:४१ झालेत.

फुस्स आवाज— व्हॉल्व्ह— मी हातही लावला नव्हता—

आत्ता दाबलं. बंद होत नाही. डोळे—

गॅस आधी, मी नंतर. लाडकीला सांगा, चिंधूही नंतर. वेळ पुरी लिहितो, तिन्ही आकड्यांसकट, कुणी छाटू नका— ११:४२:०७.